सर्पदंश : ग्रामीण आरोग्याचा एक प्रश्न

विषारी सापाने चावा घेऊन विषदंतांवाटे शरीरात विष सोडल्यामुळे जी तीव्र विकारस्थिती उद्‌भवते, तीस सर्पदंशजन्य विषबाधा म्हणतात. व्यवहारात मात्र सर्पदंश ही संज्ञा कोणत्याही सापाच्या चाव्यास लावली जाते. त्यांतील बरेचसे चावे बिनविषारी सापांचे असतात. शिवाय विषारी सापाने चावा घेतला, तरी प्रत्येक वेळी विष शरीरात उतरतेच असे नाही. अशा चाव्यास ‘कोरडा दंश’ म्हणतात. हा भेद वरवर किरकोळ वाटतो, परंतु मंत्रतंत्रांवरील लोकांचा विश्वास का टिकून राहिला, याचे उत्तर बव्हंशी त्यातच आहे.

भारतात सर्पदंश हा प्राणिशास्त्राचा किंवा अपघाताचा विषय म्हणून दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. साथीच्या रोगांप्रमाणे तो गावभर पसरत नाही, शहरांना त्याची झळ लागत नाही आणि मृत्यू एकेका वस्तीत, एकेका घरात घडतो. जोसेफ फेरर या इंग्रज वैद्याने १८६९ साली देशाच्या सु. निम्म्या भागातून माहिती मागविली, तेव्हा सर्पदंशाचे ११,४१६ मृत्यू नोंदले गेले. त्यानंतर शंभर वर्षे उलटली, तरी विश्वसनीय मोजणी झाली नाही. घरोघरी जाऊन मृत्यूंची कारणे विचारणाऱ्या देशव्यापी पाहणीवर आधारलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यातून २००५ या एका वर्षात सु. ४५,९०० मृत्यू झाल्याचा अंदाज निघाला. यांपैकी ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातील होते आणि दवाखान्यात वा रुग्णालयात झालेले मृत्यू केवळ २३ टक्के होते; उरलेली माणसे घरी, वाटेत किंवा अन्यत्र दगावली. २०२० सालच्या पुढील अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत सु. १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाल्याचे दाखविले. त्यांपैकी चतुर्थांशाहून अधिक मृत्यू पंधरा वर्षांखालील मुलांचे होते. याउलट शासकीय आरोग्यसंस्थांकडून येणाऱ्या २०१६ ते २०२० या काळातील नोंदींत वार्षिक मृत्यूंची सरासरी दोन हजारांच्या आसपासच भरते. या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे रुग्णालयाच्या दारापर्यंत न पोहोचलेली माणसे होत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशजन्य विषबाधेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला आणि २०३० पर्यंत मृत्यू व अपंगत्व निम्म्यावर आणण्याचे ध्येय २०१९ मध्ये जाहीर केले. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये याच ध्येयाचा राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यामुळे क्षय, हिवताप, कुपोषण यांच्या जोडीला सर्पदंश हाही राष्ट्रीय आरोग्यकार्याचा मान्य विषय ठरला. या आराखड्याची खरी कसोटी कोठे लागते, हे पाहण्यास ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके उपयुक्त ठरतात. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने सर्पदंशाच्या प्रतिबंधाविषयी व आरोग्ययंत्रणेच्या प्रशिक्षणाविषयी महाराष्ट्र आणि ओडिशा या राज्यांत हाती घेतलेल्या प्रकल्पासाठी महाराष्ट्रातून जे दोन भाग निवडले, त्यांपैकी एक शहापूर आहे. दुसरा गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी.

आटगाव व भोवतालचा प्रदेश : आटगाव हे मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील, आसनगावच्या पुढचे स्थानक आहे. मुंबई–नाशिक महामार्ग जवळूनच जातो. एका बाजूस तानसा जलाशय व त्याभोवतीचे अभयारण्य, दुसरीकडे भातसा नदीचे खोरे, पूर्वेस सह्याद्रीची भिंत; मुरबाड तालुक्यात हीच भिंत माळशेज घाटापर्यंत जाते. पावसाळा दमदार, जमीन भाताची, माळरानांवर गवत आणि डोंगरउतारांवर साग, ऐन व कारवी यांचे रान असते. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी या आदिवासी जमातींच्या वस्त्या पाड्यापाड्यांनी विखुरलेल्या आहेत. महामार्गावरील गावाला मुंबई जवळ आहे. परंतु डोळखांब, किन्हवली वा टोकावडे या बाजूंच्या आतील पाड्यांवरून आजारी माणसाला रस्त्यापर्यंत आणणे हेच कित्येकदा मोठे काम असते. पावसाळ्यात ओढे भरले, की झोळी करून किंवा खाटेवर घालून रोग्यास आणावे लागते. अंतर किलोमीटरांत मोजले तर थोडे, वेळेत मोजले तर फार, अशी ही स्थिती आहे.

धोक्याच्या वेळा व कामे : सर्पदंश दैवाधीन आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात तो माणसाच्या कामाच्या वेळापत्रकाशी बांधलेला असतो. देशातील सु. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांत होतात आणि या प्रदेशात त्या महिन्यांत काय चालते हे पाहिले, की कारण उमगते. पहिल्या पावसात जंगलात शेवळे उगवतात; ती खणून आणण्यासाठी बाया पहाटे झाडोऱ्यात शिरतात. पाठोपाठ इतर रानभाज्या येतात. पाऊस पडून नदी-ओढे वाहू लागले, की वलगणीचे मासे चढतात व ते रात्री धरले जातात. खेकड्यांसाठी बॅटरीच्या उजेडात बांधाच्या बिळांत हात घातला जातो. मग भाताची लावणी येते. चिखलात अनवाणी पाय आणि गवतात सतत हात. बिळांत पाणी शिरल्यामुळे सापही याच दिवसांत उंच, कोरड्या जागा शोधत बांधावर, पेंढ्यात व घरात येतात.

पावसाळ्यानंतर धोका ओसरतो असे नाही, त्याचे रूप बदलते. भाताच्या कापणीत व झोडणीत, विशेषतः रचून ठेवलेले भारे उचलताना, घोणस हाताशी येते. नंतर माळावरचे गवत कापणे व गवताच्या गंजी रचणे या कामांतही तीच भीती असते. कापणी झालेल्या खाचरांत उंदरांची बिळे उकरण्याची कातकऱ्यांची जुनी पद्धत आहे; उंदराच्या बिळात उंदीरच असेल अशी खात्री नसते. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामास जातात. तेथे पेंढ्याच्या किंवा ताडपत्रीच्या खोपटात, विटांच्या ढिगांजवळ, जमिनीवर झोपणे हाच राहण्याचा प्रकार असतो. विटांच्या ढिगाइतकी सापाला सोयीची दुसरी जागा क्वचितच मिळेल.

म्हणजे धोक्याचे घटक थोडेच आहेत आणि ते बहुतेक दारिद्र्याचे घटक आहेत : अनवाणी चालणे, अंधारात वावरणे, जमिनीवर झोपणे, उघड्यावर शौचास जाणे, सरपण घराला लागून रचणे, धान्य व कोंबड्या राहत्या घरातच ठेवणे. धान्यामागे उंदीर येतो, उंदरामागे साप येतो. कारवीच्या कुडाच्या भिंतींना फटी असतात व शेणाने सारवलेल्या जमिनीला भोके असतात. दार लावले तरी घर बंद होत नाही.

कारक साप : भारतात आढळणाऱ्या सु. ३०० जातींपैकी माणसाला घातक विषारी जाती थोड्या आहेत. महाराष्ट्रात मृत्यूस कारण होणारे साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस व फुरसे. सह्याद्रीत हिरवट रंगाचा चापडाही दंश करतो. त्याने सूज व वेदना फार होतात, पण मृत्यू क्वचित.

घोणस जाड, सुस्त दिसणारी, अंगावर साखळीसारखे ठिपके असलेली असते व डिवचल्यास कुकरच्या शिटीसारखा मोठा फुत्कार सोडते. तिच्या विषाने रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडते, हिरड्यांतून, लघवीतून व जखमेतून रक्त वाहू लागते आणि वृक्क (मूत्रपिंड) निकामी होऊ शकतात. देशातील दंशांत तिचा वाटा सर्वांत मोठा आहे. फुरसे लहानखुरे, खडकाळ जागी राहणारे. त्याचे विषही रक्तावरच परिणाम करते. कोकणात, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यात, त्याचा सुळसुळाट इतका होता की एकोणिसाव्या शतकात सरकारने फुरशी मारण्यास इनामे लावली होती. नागाचे विष तंत्रिकांवर (मज्जातंतूंवर) परिणाम करते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, श्वास मंदावतो. शिवाय दंशाजागी सूज येऊन मांस कुजते.

मण्यारीचा विचार वेगळा करावा लागतो. नाग फणा काढतो, घोणस फुत्कारते, फुरसे अंग घासून आवाज करते. मण्यार काहीच करीत नाही. काळसर अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेला हा साप पूर्णपणे निशाचर आहे. उंदीर, पाली व इतर साप शोधीत तो घरात येतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणाशी त्याचा संबंध येतो व कूस बदलताना दंश होतो. दंश बहुधा दुखत नाही, सूज येत नाही, खूण मुंगी चावल्याइतकीही दिसत नाही. झोपलेला माणूस कित्येकदा जागाही होत नाही. पहाटे पोटात कळा येतात, उलटी होते, घसा धरतो. घरातील माणसे अजीर्ण समजून ओवा देतात. सकाळी पापण्या उघडत नाहीत, बोलणे अडखळते आणि दुपारपर्यंत श्वासाचे स्नायू लुळे पडतात. सापाचा विषयच कोणी काढलेला नसतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्या माणसास पहाटे एकाएकी पोटदुखी सुरू झाली व पापण्या जड झाल्या, तर खूण दिसो वा न दिसो मण्यारीचा दंश गृहीत धरावा, असा नियम वैद्यकशास्त्रात यामुळेच रूढ झाला आहे. डहाणू तालुक्यातील आदिवासी भागात झालेल्या एका पाहणीत मण्यारीच्या दंशाविषयी लोकांची जाण तोकडी असल्याचे आढळले.

लोकसमजुती व भगत : सापाविषयीची भीती व भक्ती या दोन्ही भावना मराठी समाजात एकत्र नांदतात. नागपंचमीस नागाची पूजा होते, त्या दिवशी जमीन खणू वा नांगरू नये असा संकेत पाळला जातो. हा सण येतो श्रावणात, म्हणजे दंशांचा भर असतानाच. साप डूख धरतो ही समजूत इतकी खोल आहे की ती भाषेत वाक्प्रचार होऊन बसली. सापाच्या मेंदूची रचना पाहता तिला आधार नाही. दंश झाल्यावर चिंचोके वा विशिष्ट दगड जखमेवर लावणे, कोंबडी लावणे, मिरची खायला देऊन तिखट लागते का ते पाहणे, पाला वाटून पाजणे असे अनेक उपाय गावोगावी चालतात.

पाड्यावरील भगत हा सहसा लबाड माणूस नसतो. तो शेजारी असतो, अर्ध्या रात्री उठून येतो, पैसे नंतर घेतो किंवा घेतही नाही. आणि त्याच्याकडे आलेल्या दहांपैकी अनेक रोगी खरोखरच बरे होतात, कारण त्यांना विष मुळात बाधलेलेच नसते. धामण, दिवड वा कवड्या चावलेला माणूस मंत्राने उठतो आणि त्याची कथा पंचक्रोशीत पसरते. घोणस चावलेला दगावतो, तेव्हा ‘आणायला उशीर केला’ असे म्हटले जाते. भगताची निंदा करून हा विश्वास ढळत नाही, असा अनुभव असल्याने अलीकडील कार्यक्रमांत भगतांनाच प्रशिक्षण देऊन, रोग्यास रुग्णालयात पाठविण्याचे काम त्यांच्याकडून करून घेण्याचा प्रयत्न होतो. मंत्र म्हणावा, पण गाडीत बसवून म्हणावा, इतकी तडजोड झाली तरी वेळ वाचतो.

वेळेचा हिशेब या विषयात निर्णायक आहे. शरीरात मोकळे फिरणारे विष प्रतिविषाने निष्प्रभ होते. परंतु मण्यारीच्या विषाने तंत्रिकांच्या टोकांना केलेली इजा किंवा घोणशीच्या विषाने वृक्कांना पोहोचलेली इजा नंतर दिलेल्या प्रतिविषाने उलटत नाही. पहिले दोन तास भगताकडे, एक तास वाहन शोधण्यात आणि एक तास प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे पाठविण्यात गेला, तर तेच प्रतिविष निम्मे काम करते.

प्रथमोपचार : रोग्यास धीर द्यावा, कारण धावपळीने व भीतीने नाडीचा वेग वाढतो. अंगठी, बांगड्या, पैंजण, जोडवी सूज येण्यापूर्वी काढावीत. दंश झालेला अवयव मोडलेल्या हाडाप्रमाणे फळी बांधून स्थिर ठेवावा व रोग्यास चालवू नये. लगेच रुग्णालयाची वाट धरावी. महाराष्ट्रात १०८ या दूरध्वनी क्रमांकावरील रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे, परंतु ती येण्यास वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. नेपाळच्या तराईत काही खेड्यांतील स्वयंसेवकांनी रोग्यास मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून उपचारकेंद्रात नेण्याची व्यवस्था केली, तेव्हा तेथील दंशामागील मृत्यूचे प्रमाण १०·५ टक्क्यांवरून ०·५ टक्क्यावर आले. ज्या पाड्यावर रुग्णवाहिका चढत नाही पण मोटारसायकल चढते, तेथे हा उपाय अनुकरणीय आहे.

करू नये अशा गोष्टींची यादी यापेक्षा मोठी आहे आणि त्यांतील काही एकेकाळी शालेय पुस्तकांत शिकविल्या जात. अवयवावर दोरी आवळून बांधू नये. रक्तपुरवठा बंद होऊन तो कुजतो आणि बंध एकदम सोडल्यावर विष झपाट्याने पसरते. पूर्वी कोणी असा बंध बांधलाच असेल, तर तो रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावा. जखमेवर चीर देऊ नये. घोणशीच्या दंशात रक्त गोठत नसल्यामुळे त्या चिरेतूनच रोगी रक्त गमावतो. तोंडाने विष ओढू नये. साप पकडण्याच्या वा मारण्याच्या मागे लागू नये. त्यात दुसरा दंश होतो आणि उपचार लक्षणांवरून ठरत असल्यामुळे मेलेला साप आणण्याची गरजही नसते.

रुग्णालयीन उपचार : रक्तावर परिणाम झाला आहे का, हे पाहण्याची एक अतिशय साधी कसोटी आहे. रोग्याचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचनळीत घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवतात. नळी तिरपी केल्यावर रक्त वाहिले, तर ते गोठलेले नाही, म्हणजे विषबाधा झाली आहे. या कसोटीस वीज, यंत्र वा प्रयोगशाळा लागत नाही. एक काचनळी व एक घड्याळ असलेले कोणतेही प्राथमिक आरोग्य केंद्र ती करू शकते.

विषबाधेची लक्षणे दिसताच सर्पप्रतिविष शिरेवाटे देतात. प्रारंभी सामान्यतः १० कुप्या दिल्या जातात. मुलांना मात्रा कमी करीत नाहीत, कारण सापाने सोडलेले विष लहान-मोठ्यांसाठी सारखेच असते. प्रतिविष घोड्याच्या रक्तरसापासून बनत असल्याने काहींना त्याची तीव्र अधिहर्षतेची (ॲलर्जीची) प्रतिक्रिया येते. रोगी हाताखाली दगावेल या भयाने खेडेगावातील तरुण डॉक्टर प्रतिविष न देताच त्यास ‘वर’ पाठवितो, असे पुष्कळदा घडते. मुरबाडहून उल्हासनगर वा ठाणे, ठाण्याहून मुंबई. ॲड्रेनलिनाची सुई जवळ ठेवली, तर ही प्रतिक्रिया आवरता येते आणि पहिल्या मात्रेनंतर रोग्यास पुढे पाठविणे केव्हाही इष्ट. नागदंशात निओस्टिग्मिन व ॲट्रोपीन यांचा उपयोग होतो. श्वास थांबत आल्यास हाताने दाबण्याच्या पिशवीने कृत्रिम श्वसन चालू ठेवावे लागते. मण्यारीचा रोगी असा कित्येक तास वा दिवस तगविला, तर पूर्ण बरा होतो. वृक्क निकामी झाल्यास अपोहन (डायलिसिस) करतात.

खेड्यातील साध्या रुग्णालयातही हे उपचार करता येतात, हे महाराष्ट्रात काही डॉक्टरांनी आपल्या कामाने दाखवून दिले. रायगड जिल्ह्यातील महाड येथे हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसीन या औषधाचा उपयोग सिद्ध केला व सर्पदंशावरही दीर्घकाळ काम केले. मुरबाडहून माळशेज घाट चढल्यावर लागणाऱ्या जुन्नर तालुक्यात, नारायणगाव येथे, सदानंद राऊत यांचे सर्पदंशावरील कार्य प्रसिद्ध आहे.

प्रतिविष : फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेअर काल्मेत यांनी १८९५ च्या सुमारास पहिले सर्पप्रतिविष तयार केले. तत्त्व आजही तेच आहे : घोड्याला अल्प मात्रेत वाढते विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वेगळी काढणे. मुंबईत परळ येथे १८९९ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी स्थापन झालेल्या आणि १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने या कार्यात मोठा वाटा उचलला. पुढे उत्पादनाचे काम तिच्यातून निघालेल्या शासकीय महामंडळाकडे गेले. भारतीय प्रतिविष चारही प्रमुख सापांवर चालणारे, बहुसंयोजी असते. गोठवून वाळविलेल्या प्रतिविषास सतत थंड पेटीची गरज नसल्यामुळे ते वीज नसलेल्या ठिकाणीही ठेवता येते. तेव्हा विजेअभावी साठा करता येत नाही, ही सबब टिकत नाही.

प्रतिविषाची एक उणीव अलीकडे स्पष्ट झाली आहे. देशातील प्रतिविषासाठी लागणारे विष बव्हंशी तमिळनाडूतील इरुळा जमातीच्या, १९७८ मध्ये स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशपरत्वे बदलते, असे बंगळूर येथील व इतर संशोधनांतून दिसून आले आहे. त्यामुळे दक्षिणेतील सापांच्या विषावर बनविलेले औषध इतर प्रांतांत कमी परिणामकारक ठरू शकते. प्रादेशिक विषसंकलन केंद्रे हा राष्ट्रीय आराखड्यातील एक उपाय यामुळेच महत्त्वाचा आहे.

प्रतिबंध : जमिनीपासून उंच झोपणे व मच्छरदाणी गादीखाली चहूबाजूंनी खोचणे, हे मण्यारीविरुद्धचे सर्वांत चांगले व स्वस्त उपाय आहेत. हिवतापासाठी वाटल्या जाणाऱ्या मच्छरदाणीने डास व साप दोन्ही दूर राहतात. एका लाकडी बाजेची किंमत आणि एका दिवसाच्या कृत्रिम श्वसनाचा खर्च यांची तुलना केल्यास प्रतिबंधावर पैसा का घालावा, हे निराळे सांगावे लागत नाही. लावणीत व गवतकापणीत गमबूट, रात्री बॅटरी व पाय आपटीत किंवा काठी आपटीत चालणे, भारा उचलण्यापूर्वी काठीने हलविणे, सरपण व पेंढा घरापासून दूर रचणे, कणगी उंदरांपासून बंद ठेवणे, शौचालय घराजवळ असणे या गोष्टींनी उरलेला धोका बराच घटतो. गमबुटाचा सल्ला देणे सोपे आहे. चिखलात रुतणारा, उन्हात तापणारा बूट घालून लावणी करून पाहिल्यास तो का वापरला जात नाही, हेही कळते. कातकरी हे विशेष दुर्बल जमातींत गणले जातात आणि अशा जमातींसाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन योजनेत पक्की घरे व पाड्यांना रस्ते यांची तरतूद आहे. आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकात न दिसणारी ही कामे सर्पदंशाच्या दृष्टीने मात्र थेट आरोग्यकार्ये आहेत : घर दंश टाळते, रस्ता मृत्यू टाळतो.

सापांची सरसकट हत्या हा उपाय नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण दिले आहे. शिवाय भातशेतीत उंदरांवर अंकुश ठेवणारा धामणीइतका उपयुक्त प्राणी दुसरा नाही.

नोंद व साहाय्य : नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्पदंशाचे रुग्ण व मृत्यू यांची सक्तीने नोंद करावयाची व्यवस्था करण्यास राज्यांना कळविले. घरी झालेले मृत्यू मोजले गेले, तरच कोणत्या आरोग्य केंद्रात किती कुप्या लागतील हे ठरविता येईल. मृत्यूनंतर मिळणाऱ्या साहाय्याचाही नोंदीशी संबंध आहे. महाराष्ट्र शासनाच्या, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने झालेल्या मृत्यूबद्दल २ लाख रुपये मिळतात. परंतु ती सातबारावर नाव असलेल्या खातेदारासाठी व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. दुसऱ्याच्या खाचरात लावणी करणारी किंवा भट्टीवर विटा थापणारी भूमिहीन कातकरी स्त्री दंशाच्या धोक्यात सर्वांत पुढे असते आणि सातबारावर तिचे नाव कोठेच नसते.